बजाज चेतक ३५०१ : सोडून दिलेल्या स्कूटरकडे परतलेली कंपनी

इलेक्ट्रिक स्कूटरचे परीक्षण म्हटले की पल्ला, वेग आणि किंमत यांचा तक्ता मांडून विषय संपवण्याची प्रथा आहे, पण बजाजच्या चेतकला तेवढे माप पुरत नाही. यापुढे स्कूटर बनवायच्याच नाहीत, असे या कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये जाहीर केले होते. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये तिने त्याच नावाची, पण विजेवर चालणारी स्कूटर लोकांसमोर आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एकवीस हजारांहून अधिक गाड्यांच्या नोंदणीसह ती देशातील इलेक्ट्रिक दुचाकींत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मी चालवून पाहिलेला ३५०१ हा प्रकार डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या '३५' मालिकेतला आहे. तो चालवताना सतत जाणवत राहिले की या गाडीची घडण समजून घ्यायची, तर कंपनीने खाल्लेल्या दोन मोठ्या फटक्यांपासून सुरुवात करावी लागेल.

पहिला फटका यशाच्या पोटातून आला. इटलीच्या पियाजोबरोबरचा व्हेस्पाचा करार संपल्यावर १९७२ मध्ये चेतक बाजारात आली. तो परवाना राजचा काळ होता आणि किती गाड्या बनवायच्या हे कारखानदाराच्या हाती नव्हते, त्यामुळे मागणी आणि पुरवठा यांतील अंतर इतके वाढले की नोंदणी केल्यानंतर गाडी हाती यायला वर्षानुवर्षे लागत. मुलीच्या लग्नाचा विचार मनात आला की आधी चेतकचा नंबर लावून ठेवणारे बाप त्या पिढीत होते, आणि ज्यांना धीर नव्हता ते ऑन, म्हणजे ठरलेल्या किमतीवर वरचे पैसे, देऊन गाडी घेत. अशा बाजारात कंपनीला आपली गाडी सुधारण्याची निकड कशाला भासावी? चेतक एका बाजूला जड होती, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावे लागे, आणि सकाळी ती सुरू होत नसेल तर आडवी करून पुन्हा किक मारण्याचा विधी घरोघरी ठाऊक होता. गिऱ्हाइकाने हे सगळे सोसले, कारण त्याला दुसरा फारसा पर्यायच नव्हता.

पर्याय आला तो अगदी शेजारून. १९८४ मध्ये पुण्याच्याच फिरोदियांनी होंडाच्या साथीने बटण दाबताच सुरू होणारी, गिअर नसलेली किनेटिक होंडा आणली. पुढच्याच वर्षी हीरो होंडाची चारस्ट्रोक सीडी १०० आली आणि एका लिटरमध्ये किती किलोमीटर, हा प्रश्न मध्यमवर्गाच्या तोंडी बसला. बजाज स्वस्थ बसली होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण कावासाकीबरोबर तिनेही मोटारसायकली काढल्या होत्या. मात्र कंपनीचा जीव स्कूटरमध्ये अडकलेला होता, आणि १९८९ मधील 'हमारा बजाज' या जाहिरातीने देशाचे डोळे पाणावले त्याच सुमारास गिऱ्हाइकाचे मन हळूहळू दुसरीकडे वळू लागले होते. नव्वदचे दशक संपताना मोटारसायकलींनी स्कूटरना मागे टाकले आणि २००१ मध्ये दुचाकींतील पहिले स्थान हीरो होंडाकडे गेले. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात या घसरणीचे खापर बहुधा उदारीकरणावर फोडले जाते. माझ्या मते उदारीकरणाने जुने दुखणे फक्त उघडे पाडले. रांगेत उभे असलेले गिऱ्हाईक आपल्यावर खूश आहे, असे मानण्याची सवय हेच खरे दुखणे होते.

कंपनीची सूत्रे हाती घेतलेल्या पुढच्या पिढीतल्या राजीव बजाज यांनी यावर काढलेला उतारा कडू होता. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या पल्सर या मोटारसायकलने कंपनीला पुन्हा उभे केले, आणि त्यातून त्यांनी असा निष्कर्ष काढला की सगळे काही बनवणाऱ्या कंपनीपेक्षा एकाच गोष्टीत निष्णात असलेली कंपनी टिकते. मूळ चेतकचे उत्पादन आधीच थांबले होते, आणि २००९ मध्ये स्कूटर हा विभागच बंद करण्याचे ठरले. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी या निर्णयाचे आपल्याला वाईट वाटले, हे लपवले नाही. वडिलांनी ज्या वाहनावर साम्राज्य उभे केले ते मुलाने मोडीत काढावे आणि वडिलांनी जाहीर नाराजी व्यक्त करूनही निर्णय मुलाकडेच राहू द्यावा, हे आपल्याकडच्या घराण्यांच्या उद्योगात क्वचितच पाहायला मिळते.

दुसरा फटका या निर्णयातूनच बसला, आणि त्याची किंमत नीट मोजली पाहिजे. बजाजने पाठ फिरवली त्याच काळात होंडाच्या अॅक्टिव्हाने शहरांतील घराघरांत जागा मिळवली. बायका, कॉलेजातली मुले आणि निवृत्त माणसे या सगळ्यांना चालणारी गाडी म्हणजे स्कूटर, हे समीकरण परत जुळले, आणि ज्या कंपनीने ते मुळात जुळवले होते तीच त्यात नव्हती. मोटारसायकलींच्या नफ्याने आणि निर्यातीने हे नुकसान ताळेबंदात फारसे दिसू दिले नाही. पुण्याजवळच्या आकुर्डीत ते दिसत होते. जिथून चेतक बाहेर पडत असे त्या कारखान्यातले उत्पादन सप्टेंबर २००७ मध्येच थांबले होते, कारण त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगरला करसवलतींसह नवा कारखाना सुरू झाला होता आणि चाकण व वाळूज आधीपासून होतेच. पिंपरी-चिंचवडमध्ये 'बजाजमध्ये आहे' हे लग्नाच्या बोलणीत पुरेसे उत्तर असे, आणि मग 'व्हीआरएस घेतली', म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली, हे शब्द ऐकू येऊ लागले. नेतृत्वाचा धाडसी निर्णय असे कौतुक करताना ही बाजू सहसा सुटते.

आता गाडीबद्दल. ३५०१ जवळून पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती तिचा पत्रा. बाजूच्या पॅनेलवर बोटाने टकटक केली की प्लास्टिकचा पोकळ आवाज येत नाही, भरीव धातूचा येतो, आणि रंगाची सफाई सांध्यांपर्यंत सारखी आहे. जुन्या चेतकची आठवण करून देणारी एवढी एकच गोष्ट कंपनीने ठेवली आहे, आणि ती निवड मला शहाणपणाची वाटते, कारण आठवणींचा मोह पुढे वाढला असता तर हँडलवर खोटा गिअर आणि मागे शोभेची स्टेपनी लावण्यापर्यंत मजल गेली असती. नव्या मालिकेत बॅटरी सीटखालून काढून फूटबोर्डखाली नेली आहे. त्यामुळे सीटखाली ३५ लिटरची डिकी मिळते, ज्यात पूर्ण तोंडाचे हेल्मेट आणि मंडईतली भाजीची पिशवी एकत्र बसते, आणि वजन खाली आल्यामुळे वळणावर गाडी अंगावर येत नाही. एका बाजूला कललेल्या जुन्या चेतकवर हात बसलेल्या माणसाला हा बदल लगेच कळेल.

कमाल वेग ताशी ७३ किलोमीटर आहे. सिंहगड रस्त्यावर किंवा लक्ष्मी रस्त्यावर त्याहून अधिकाची गरजच पडत नाही, मात्र कात्रज-देहूरोड बायपासवर ट्रकांच्या मधोमध ही मर्यादा जाणवते, आणि रोज महामार्गावरून जाणाऱ्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये. कंपनी १५३ किलोमीटरचा पल्ला सांगते. तो प्रमाणित चाचणीतला आकडा आहे, त्यामुळे मागे माणूस, चढ आणि सिग्नल धरून हिशेब त्याच्या बराच आत ठेवावा. पुढचा डिस्क ब्रेक भरवशाचा आहे आणि स्पर्शाने चालणारा पडदा उन्हातही वाचता येतो. सोसायटीच्या चिंचोळ्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना रिव्हर्सची सोय किती कामाची आहे, हे ती वापरल्यावरच पटते.

म्हणूनच एक तक्रार ठामपणे नोंदवाविशी वाटते. रिव्हर्स आणि चढावर गाडी धरून ठेवणारे हिल होल्ड यांसारख्या सोयी काही प्रकारांत 'टेकपॅक' नावाच्या वेगळ्या पैशांच्या पॅकेजमध्ये टाकल्या आहेत. या सोयींची सर्वाधिक गरज ज्यांना आहे ती वयस्क किंवा नवखी माणसे स्वस्त प्रकार घेणार आणि नेमकी त्यांनाच वरचे पैसे मोजावे लागणार, हे हिशेबनिसाचे डोके आहे. दुकानात दराची चौकशी करताना पॅकेजसह किंमत विचारावी.

परत येताना कंपनीने दाखवलेला संथपणा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. जानेवारी २०२० मध्ये गाडी विक्रीला आली ती पुणे आणि बंगळूर या दोनच शहरांत, तीही एक लाख रुपयांपासून पुढच्या किमतीला. पाठोपाठ कोविड आला. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा नोंदणी सुरू केली तेव्हा ती ४८ तासांत थांबवावी लागली, आणि जुन्या चेतकची रांग ज्यांनी पाहिली होती त्यांना हसू आले असेल. फरक एवढाच की या वेळी रांगेतल्या माणसाला शेजारच्या दुकानात दुसरी गाडी मिळत होती. त्या काळात नव्या कंपन्या घाईघाईने हजारो गाड्या रस्त्यावर उतरवत होत्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात काही गाड्यांना आगी लागून सरकारला बॅटरीचे नियम कडक करावे लागले, तेव्हा बजाजने गती वाढवली नाही. तिने आधी कारखाना उभा केला. सुमारे ३०० कोटी रुपये खर्चून, वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता धरून तो उभा राहिला तो आकुर्डीतच, आणि त्याचे उद्घाटन १० जून २०२२ रोजी, राहुल बजाज यांच्या जन्मदिनी झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. स्कूटर सोडण्याचा निर्णय चुकला होता, असे कंपनीने कधी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि म्हणण्याची गरजही नसावी. पेट्रोलच्या स्कूटरमध्ये परतायचे तर होंडाच्या मैदानात उशिरा उतरावे लागले असते. विजेने मैदानच नवे केले आणि सगळ्यांना पुन्हा एका रेषेवर आणले, ती वेळ बजाजने हेरली.

तरीही नवे मैदान नवे परावलंबन घेऊन आले आहे. चीनने एप्रिल २०२५ मध्ये रेअर अर्थ (दुर्मिळ मूलद्रव्यांच्या) चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि मोटरसाठी ही चुंबके लागत असल्यामुळे त्या ऑगस्टमध्ये चेतकचे उत्पादन काही काळ थांबले. ते लवकर सुरू झाले ही चांगली गोष्ट आहे. पण पूर्वी सरकारी परवान्यावर अडणारा कारखाना आता परदेशातल्या परवान्यावर अडतो, हे चित्र आकुर्डीत बसलेल्यांना सुखावणारे खचित नाही, आणि ग्राहकानेही सुट्या भागांच्या उपलब्धतेबद्दल दुकानदाराला प्रश्न विचारणे योग्य ठरेल.

खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. ३५०१ बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत सुमारे १.२७ लाख रुपये होती. पडदा आणि गाडीतच बसवलेला ९५० वॅटचा चार्जर यांचे आकर्षण नसेल तर त्याच बॅटरीचा ३५०२ थोडा स्वस्त पडतो, आणि फिरणे शहरापुरतेच असेल तर जून २०२५ मध्ये एक लाखाच्या आत आलेला ३००१ पाहावा. त्याचा सांगितलेला पल्ला १२७ किलोमीटर आहे आणि बहुतेक घरांना तो पुरेल. या सर्व प्रकारांत बॅटरी काढून घरात नेता येत नाही, त्यामुळे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला खाली पार्किंगमध्येच वीज लागते. ३५०१ ला ८० टक्क्यांपर्यंत चार्ज व्हायला सुमारे तीन तास लागतात. आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढण्याची सोसायटीची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय नोंदणीचे पैसे भरू नयेत.