वायूचे रेणू वर्गात दाखवायचे तर: मण्यांची नळी की धुराची पेटी?

वायूंचा गतिज सिद्धांत, म्हणजे वायूचे रेणू सतत इकडेतिकडे धावत असतात ही मांडणी, फळ्यावर सिद्ध करून होतो, पण पोरांच्या डोळ्यांसमोर काही हललेलं नसतं. म्हणून प्रयोगशाळेत एखादं साधन आणायचं ठरतं आणि निवड बहुतेक वेळा दोघांत होते. एक म्हणजे मण्यांची उभी नळी: खाली मोटरने थरथरणारी तबकडी, मध्ये प्लास्टिकचे मणी, वर हलकी चकती. दुसरी धुराची पेटी, जी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ब्राउनी गती, म्हणजे रेणूंच्या धडकांनी होणारी बारीक कणांची वेडीवाकडी थरथर, पाहायची.

नळीची बाजू आधी मांडतो, कारण पहिल्या दिवशी तीच बाजी मारते. साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावरूनही ती दिसते. मोटरचा वेग वाढवला की चकती वर जाते, म्हणजे तापमान वाढलं की आकारमान वाढतं. चकतीवर दोन वॉशर ठेवले की ती खाली येते, म्हणजे दाब वाढला की आकारमान घटतं. चार्ल्स आणि बॉइल या दोघांचे हे नियम दहा मिनिटांत उरकतात. कुरबुरी किरकोळ आहेत. कोरड्या हवेत मणी स्थिरविद्युतने नळीला चिकटतात; आतून किंचित ओलसर फडकं फिरवलं की सुटतात. चकती तिरकी होऊन अडकते, त्यासाठी तिच्या मधोमध भोक पाडून एक ताठ तार उभी ओवावी. मण्यांऐवजी पोलादी छर्रे घालू नयेत: आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि ॲक्रिलिकवर चरे पडतात.

खरी अडचण मोटर बंद केल्यावर येते. क्षणात सगळे मणी तळाशी बसतात, आणि वर्गातलं सर्वांत हुशार पोरगं विचारतं, “मग हवेतली मोटर कुठे असते?” प्रश्न अगदी रास्त आहे. मणी प्रत्येक टकरीत थोडी ऊर्जा गमावतात, म्हणून त्यांना सतत ढकलावं लागतं. रेणूंचं तसं नसतं. भांड्याच्या भिंतीतले अणूही थरथरत असतात, आणि तापमान सारखं असेल तर भिंत सरासरीने जितकी ऊर्जा घेते तितकीच परत देते. त्यामुळे बंद बाटलीतली हवा वर्षभर ठेवली तरी तळाशी बसत नाही. हे सांगता येतं, पण डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने खोडायला लागतं. गतिज सिद्धांताचा जो गाभा, की ही हालचाल आपोआप आणि कायम चालू असते, नेमकं त्याच्या उलट ते साधन दाखवतं. शिवाय नळीत मणी खाली दाट आणि वर विरळ दिसतात. तीस सेंटिमीटर उंचीच्या खऱ्या हवेत असा फरक जाणवण्याजोगा नसतो.

धुराच्या पेटीत मोटर नाही, आणि माझ्या मते निवड तिथेच संपते.

पेटी विकत मिळते, पण घरीही होते. 5 मिलिच्या सिरिंजच्या नळीचा सुमारे 5 मिमी उंच तुकडा सरळ कापून काचपट्टीवर इपॉक्सीने चिकटवा, पट्टीखाली काळा कागद लावा. उदबत्तीचा धूर दुसऱ्या सिरिंजमध्ये ओढून हळूच आत सोडा आणि लगेच वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवा. सूक्ष्मदर्शकाचा खालचा दिवा किंवा आरसा बंद ठेवून बाजूने एलईडी टॉर्चचा प्रकाश टाका. 10 पटीचं ऑब्जेक्टिव्ह (खालचं भिंग) आणि 10 पटीचं आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) पुरे. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारे ठिपके दिसतात, आणि प्रत्येक ठिपका वेडावाकडा थरथरत असतो.

बिघडतं ते तीन ठिकाणी. धूर जास्त झाला तर नुसतं पांढुरकं दिसतं आणि कण एकमेकांना चिकटून लवकर खाली बसतात. कव्हरस्लिप नीट बसली नाही तर वाऱ्याची झुळूक आत शिरते. जुना पिवळा बल्ब वापरला तर तो पेटी तापवतो आणि सगळे ठिपके एकाच दिशेने वाहू लागतात. ते अभिसरण, म्हणजे तापलेल्या हवेचा प्रवाह, ब्राउनी गती नव्हे. वाहणं सगळ्यांचं सारखं असतं, थरथर प्रत्येकाची वेगळी: हा भेद पाहण्याआधीच सांगून ठेवावा. काही ठिपके मध्येच गायब होतात, कारण फोकसची पातळी फार पातळ असते आणि कण तिच्या वर-खाली सरकतो.

एक सूचना आवर्जून. दिसणारा प्रत्येक झटका म्हणजे एका रेणूची धडक, असं सांगू नये. साध्या तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे 500 मीटर वेगाने फिरतात आणि धुराच्या कणावर क्षणोक्षणी चहूबाजूंनी असंख्य आदळतात. आपल्याला दिसतो तो दोन बाजूंच्या धडकांमधला उरलेला असमतोल. 1905 साली आइन्स्टाइनने याचंच गणित मांडलं. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेराँने पाण्यातल्या राळेच्या बारीक कणांवर ते मोजून पडताळलं आणि 1926 साली त्याला नोबेल मिळालं.

पेटीचे दोष झाकत नाही. एका वेळी एकालाच दिसतं आणि धूर काही मिनिटांतच विरळ होतो. आयपीसला मोबाइल धरून चित्र टीव्हीवर घेतलं की हा प्रश्न बराचसा सुटतो. मात्र मोबाइलला स्टँड हवा, हाताच्या कंपाने सगळंच थरथरतं. दुसरं, दाब आणि आकारमानाचं नातं पेटी दाखवत नाही. त्यासाठी तोंड बंद केलेली 20 मिलिची सिरिंज आणि वजनं पुरतात. आतला व्यास 20 मिमी असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे 3.1 चौ. सेमी, म्हणजे हवा निम्मी दाबायला साधारण सव्वातीन किलो. रबराच्या घर्षणाने आकडा हुकतो, म्हणून दट्ट्या किंचित दाबून सोडल्यावर एकदा आणि किंचित ओढून सोडल्यावर एकदा वाचन घ्यावं आणि सरासरी काढावी.

शाळेत सूक्ष्मदर्शकच नसेल, तर अर्थात नळी घ्यावी. कपाटात ती आधीपासून असेल तर टाकूनही देऊ नये. फक्त क्रम बदलावा: आधी धूर, मग सिरिंज, शेवटी नळी. आणि तास संपेपर्यंत मोटर चालूच ठेवावी.