मुलाखती उतरवून देणारं एआय: काही महिने वापरल्यावर

गिरणगावातल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती कागदावर उतरवणं हे माझं काम. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पूर्वी अख्खा दिवस जायचा. आता कच्चा मसुदा चहा होईपर्यंत तयार असतो. पैसे वसूल, यात वाद नाही. कोकणी-घाटी वळणाचं बोलणंही बरंचसं नीट येतं. ‘साचेखातं’चं (गिरणीतला विणाईचा विभाग) ‘साचे खात’ होतं, पण ते दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो!

खरी अडचण माणूस गप्प झाला की सुरू होते. १९८२च्या संपाचा विषय निघाला की ही मंडळी बोलता बोलता थांबतात, आणि त्या थांबण्यात यंत्र आपल्या पदरची वाक्यं घालतं. एका आजोबांच्या तोंडी ‘व्हिडिओ आवडला तर लाइक करा’ आलं, ते हसून खोडलं. पण एका मावशींच्या नावावर युनियनच्या माणसाने पैसे खाल्ल्याचा आरोप आला होता, जो त्यांनी केलाच नव्हता. वाक्य इतकं सरळ, की ध्वनिफीत ऐकल्याशिवाय शंकाही येऊ नये.

हे एका अ‍ॅपपुरतं नाही, म्हणून नाव घेत नाही. ओपनएआयच्या ‘व्हिस्पर’ या, बोलणं उतरवणाऱ्या मॉडेलवर कॉर्नेल विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन कोनेके आणि सहकाऱ्यांनी २०२४ साली अभ्यास मांडला. साधारण १ टक्का उताऱ्यांत न बोललेली वाक्यं सापडली, त्यातली ३८ टक्के हिंसा, खोटे संबंध अशा घातक स्वरूपाची. वाचाघात झालेल्या, अडखळत बोलणाऱ्यांच्या वाट्याला ती जास्त आली. म्हणजे सफाईने बोलणाऱ्याला यंत्र सांभाळून घेतं, आणि अडखळणाऱ्याच्या तोंडी भलतंच घालतं. शिवाय २०२२मध्ये हे मॉडेल शिकवलं गेलं ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर. त्यात इंग्रजी सोडून ९६ भाषा मिळून १ लाख १७ हजार तास. मराठीला त्यातलं किती आलं असेल, याचा अंदाज करा.

दुसरा प्रश्न संमतीचा. मावशींनी सही केली ती संशोधनासाठी, त्यांचा आवाज कुणाच्या सर्व्हरवर जावा म्हणून नव्हे. म्हणून आता लॅपटॉपवरच, इंटरनेट बंद ठेवून चालणारं मॉडेल वापरते. हळू आहे, पंखा घरघरतो, चालायचंच.

व्याख्यानं, बैठका यांसाठी खुशाल घ्या. दवाखान्यातल्या नोंदी किंवा पोलिसांतले जबाब याच्यावर उतरवून मूळ ध्वनिफीत पुसणार असतील, तर माझा नकार.