माहीममधलं तैवानी खाणं : आठ महिने खाल्ल्यावरचा माझा अनुभव

जानेवारीत पहिल्यांदा गेले तेव्हाच लिहिणार होते, पण म्हटलं थांबू, नवं नवं सगळंच छान लागतं, मग दोन महिन्यांत कूक सोडून जातो, मेनू बदलतो, नाहीतर दुकानालाच टाळं लागतं, हे आमच्या माहीममध्ये किती वेळा बघितलंय. आता श्रावण चालू आहे, आठवा महिना लागला, आणि घरातलं कोणी ना कोणी आठवड्यातून एकदा तरी तिथे जाऊन येतंच, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

शीतलादेवीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आहे, आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं. आत चौदाच माणसं बसतात, बाहेर दोन बाकडी. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे तक्रारी पण आहेत आणि धंदा छोटा आहे. मालकीण तिशीतली मुलगी, दीड वर्ष तायपेईत नोकरीला होती, तिथे रोज संध्याकाळी रात्रबाजारात जेवायची, शिलिनचा मोठा बाजार, राओहे रस्त्यावरचा बाजार, हे सगळं ती इतकं मन लावून सांगते की गर्दी नसेल तर अर्धा तास कुठे जातो कळत नाही. किचनमध्ये दार्जिलिंगचा दाजू आणि भांड्यांना, टेबलांना एक मुलगा, बस्स.

आधी चिकनबद्दल लिहिते, कारण मी मुळात त्याच्यासाठीच जाते. मेनूवर पॉपकॉर्न चिकन लिहिलंय, तिकडे यान-सू-जी म्हणतात. नाव वाचून मॉलमधल्या त्या छोट्या गोळ्यांसारखं असेल असं वाटतं, पण ते अगदीच वेगळं आहे. तंगडीचं मांस, बोनलेस, सोया, लसूण आणि पाच मसाल्यांच्या पावडरीत मुरवलेलं, वरून मैदा नाही की कॉर्नफ्लॉवर नाही, रताळ्याचा स्टार्च, तोही बारीक पावडर नाही, जाडसर रव्यासारखा. काउंटरच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलं की दाजूचं काम दिसतं. तो तुकडे स्टार्चमध्ये घोळवतो आणि लगेच तळत नाही, ताटात पसरून पाच-सात मिनिटं तसेच ठेवतो, पांढरं कोरडं पीठ हळूहळू ओलसर होऊन मांसाला धरतं, मग ते तेलात सुटत नाही. एकदा मध्यम आचेवर तळून काढतो, थोडं थांबतो, मग आच मोठी करून परत टाकतो, आणि अगदी शेवटी मूठभर तुळशीची पानं सोडतो, तेव्हा जो तडतडाट होतो ना की समोर बसलेले सगळे मागे सरकतात. झाऱ्याने काढून स्टीलच्या परातीत टाकायचं, पांढरी मिरी, मीठ, चिमूटभर तिखट, दोनदा उडवायचं, कागदी पिशवीत भरून बांबूची काडी टोचून द्यायचं. पानं काचेसारखी कुरकुरीत होतात, मोडली की आवाज येतो. ही तुळस म्हणजे आपली देवघरातली नाही बरं का, आपल्या सब्जाची असते ना त्या जातीची, बडीशेपेसारखा वास येणारी. आईने पहिल्याच दिवशी ओळखली, आमच्या आजोळी अंगणात सब्जा होता.

जूनमध्ये एकदा चिकन आणलं आणि पहिल्याच घासाला कळलं काहीतरी बिनसलंय, कवच गुळगुळीत आणि कडक, नेहमीचे खडबडीत दाणे नाहीत. पुढच्या वेळीही तेच. शेवटी विचारलं तर मालकीण लगेच म्हणाली, ताई, रताळ्याच्या स्टार्चचा माल अडकलाय, कॉर्नफ्लॉवर वापरतोय. तीन आठवडे असंच चाललं, भाव मात्र तोच, २८० रुपये. खरं सांगितलं याचं बरं वाटलं, पण मेनूवर एक चिठ्ठी लावायला काय जात होतं, जे पहिल्यांदा आले असतील त्यांनी तेच खरं समजून घेतलं असणार. हे तिला तोंडावरही सांगितलंय.

आता बाओ. ग्वा बाओ म्हणजे वाफवलेला पांढरा पाव, मधून दुमडलेला, आत शिजवून शिजवून लोण्यासारखं झालेलं चरबीदार पोर्क, आंबवलेली मोहरीची पानं, कोथिंबीर आणि वरून काय, तर शेंगदाण्याचं कूट आणि साखर! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वासच बसेना, आपल्याकडे काकडीच्या कोशिंबिरीवर घालतात तेच कूट हो. तैवानमध्ये याला वाघ डुकराला चावतोय अशा अर्थाचं टोपणनाव आहे, पाव उघडला की जबड्यासारखा दिसतो म्हणून. इथे मोहरीची पानं नेहमी मिळत नाहीत म्हणून बऱ्याचदा मुळ्याचा पाला मिठात मुरवून घालतात आणि मला तोच जास्त आवडतो, थोडा उग्र लागतो, चरबीला बरोबर कापतो.

खरं म्हणजे माहीमच्या माणसाला हे नवं वाटायचं कारणच नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटी दर नाताळला सान्ना आणि सोरपोतेल पाठवतात, वाफवलेली मऊ पांढरी सान्ना आणि तिच्यासोबत आंबट-तिखट चरबीदार पोर्क, जीव तोच की. मी पहिला बाओ खाल्ला तेव्हा नाताळ होऊन तीनच आठवडे झाले होते, तोंडात ती चव ताजी होती, म्हणून मला एकदम घरचंच वाटलं. आंटींनाही घेऊन गेले एकदा, त्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाल्या, व्हिनेगर पायजे होता.

आई पोर्क खात नाही, तिच्यासाठी चिकनचा बाओ. ती पहिल्यांदा आली तेव्हा पाव उघडून आधी वास घेतला आणि म्हणाली, ह्यात तिरफळ आहे. मी म्हटलं अगं नाही, चायनीज मसाला आहे. मालकीण ऐकत होती, ती आतून डबीच घेऊन आली. पाच मसाल्यांत चक्रफूल, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि सिचुआन मिरी, आणि ही सिचुआन मिरी आपल्या तिरफळाचीच जवळची नातेवाईक, एकाच कुळातली. आईने दोन दाणे तळहातावर चोळले, परत वास घेतला आणि माझ्याकडे अशी बघितली की मी पुढे काही बोललेच नाही. बांगड्याच्या तिखल्यात आयुष्यभर तिरफळं घातलेलं नाक आहे ते. तेव्हापासून मालकीण तिला काकू म्हणते आणि नवीन काही केलं की आधी चाखायला देते.

फेब्रुवारीत दोन रविवार कालवांचं आमलेट होतं, तैवानमध्ये हा रात्रबाजारातला एकदम नेहमीचा पदार्थ आहे, छोटी कालवं, अंडं, पालेभाजी, आणि रताळ्याच्या स्टार्चचं पाणी तव्यावर ओतलं की ते पारदर्शक चिकट होतं, वरून गोडसर लालगुलाबी सॉस. मला आवडलं, आईला अजिबात नाही. तिचं म्हणणं एवढी चांगली कालवं, त्याचं सुकं करायचं सोडून ह्या बुळबुळीत कशाला घालायची. ज्यांना बुळबुळीत चालत नाही त्यांनी ऑर्डर करू नका, पण कालवं ताजी होती, वाळूचा एक कण लागला नाही, हे आईनेही मान्य केलं.

बबल टीबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाहीये. चहा चांगलाच असतो, कडक, साखर कमी सांगितली की खरंच कमी घालतात. प्रश्न त्या काळ्या मोत्यांचा. ते टॅपिओकाचे असतात, म्हणजे सेलमहून आपल्याकडे येणारा साबुदाणा ज्या कंदाचा तोच कंद, वर काळ्या गुळाचा पाक. आता साबुदाण्याची खिचडी गरम असताना कशी लागते आणि तीच गार झाल्यावर फ्रीजमधून काढली की कशी लागते हे आपल्याला कोणी सांगायला नको. तसंच आहे हे. चारच्या सुमारास ताजे शिजवतात, तेव्हा गेलात तर अगदी ताडगोळ्यासारखं, मऊ पण दाताखाली जरा अडणारं. तैवानी लोक ह्या पोताला क्यू म्हणतात, इंग्रजी अक्षरच, आणि फारच जमलं असेल तर क्यूक्यू. आपल्याकडे चिवट म्हटलं की शिवी होते, लुसलुशीत म्हटलं तर चावायचं काही उरत नाही, त्यामुळे मीही आता क्यूच म्हणते. पण रात्री साडेनऊनंतर तेच मोती मधोमध कडक लागतात. चार वेळा झालंय माझं असं. २२० रुपये घेताय तर रात्री सरळ संपले म्हणा, मी नुसता चहा पिईन. हा बबल टी आधी कोणी केला यावरून तिकडच्या दोन दुकानांचं, ताइचुंगचं एक आणि ताइनानचं एक, दहा वर्षं कोर्टात चाललं होतं आणि २०१९ मध्ये निकाल लागला की ह्याचं पेटंट नाही, कोणीही करावा. चतुर्थीला आई म्हणाली, चहा चालतो, दूध चालतं, साबुदाणा चालतो, मग हे का नाही चालणार? मालकिणीला विचारून पाकात दुसरं काही नाही ना याची खात्री केली आणि प्यायली.

घरपोच मात्र मागवू नका. दोनदा मागवून बघितलं, डब्यात वाफ धरून चिकनचं कवच ओल्या कागदासारखं होतं आणि बाओच्या तळाला पाणी सुटतं. मालकिणीने डब्यांना भोकं पाडून बघितली, थोडा फरक पडतो, फार नाही. जवळ राहत असाल तर स्वतः जा आणि पिशवीचं तोंड उघडं ठेवून चालत या, पाऊस असला तरी.

गटारीच्या आदल्या दिवशी पन्नास मिनिटं बाहेर उभे होतो, एरवी शनिवारी अर्धा तास धरून चाला. मधल्या वारी साडेसहाला गेलं तर लगेच जागा मिळते. एसी आहे पण फ्रायर चालू झाला की त्याचं काही चालत नाही, आणि भिंतीकडचं टेबल डुगडुगतं, आठ महिने सांगतोय, अजून तसंच आहे. एक महत्त्वाचं, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर जपून. भाच्याला आहे, आम्ही सांगितलं, त्यांनी कूट न घालता बाओ दिला, पण चमचा तोच होता हे नवऱ्याच्या लक्षात आलं म्हणून वाचलो. दाजूने लगेच नवीन करून दिला आणि आता वेगळा चमचा ठेवलाय, तरी तुम्ही आधी दोनदा सांगा.

शाकाहारींसाठी लिहायला श्रावणाने मदत केली. आई महिनाभर काही खात नाही, त्यामुळे तिच्यासोबत सगळं शाकाहारी खाऊन झालं. मशरूमचा बाओ उत्तम, टोफूचा ठीक, कांद्याच्या पातीचा पराठा सगळ्यात भारी. गरम पाण्यात मळलेली कणीक, लाटून तेल आणि पात पसरायची, गुंडाळी करून परत शंखासारखी वळायची आणि लाटायची, लच्छा पराठ्यासारखे पदर सुटतात. गव्हाचं असं खाणं तैवानमध्ये खूप वाढलं ते १९४९ नंतर, चीनमधून लाखो माणसं आली त्यांनी आपापल्या प्रांताचं खाणं आणलं आणि पुढे अमेरिकेच्या मदतीचा गहू आला. त्याआधी पन्नास वर्षं, १८९५ ते १९४५, तिथे जपानी राज्य होतं, त्याचीही चव राहिलीच. तळणाचं तेल मात्र व्हेज-नॉनव्हेज एकच आहे, विचारलं तर स्पष्ट सांगतात. जैन काही नाही, सगळीकडे लसूण. खरं तर तिकडच्या बौद्ध शाकाहारी जेवणात कांदा, लसूण, पात काहीच घालत नाहीत, तसे दोन पदार्थ ठेवले तर माटुंग्याचं किती गिऱ्हाईक येईल, हे मी सुचवलंय.

गोडात एकच, पण ते खाच. पातळ पोळीवर शेंगदाण्याची चिक्की किसून, त्यावर दोन गोळे आइस्क्रीम आणि वर चक्क कोथिंबीर, मग गुंडाळी. तैवानमध्ये चिक्कीची मोठी लादी असते, ती रंध्यासारख्या हत्याराने तासतात, इथे आपली चिक्की किसणीवर. कोथिंबीर काढायला सांगू नका.

आणि आता जे मला खरंच लागलंय ते. मे महिन्यापासून मेनूवर शेजवान बाओ आणि पेरी पेरी चिकन आलंय. मला माहितीये, १९७५ मध्ये नेल्सन वाँग यांनी इथेच मुंबईत मंच्युरियन केलं आणि आपण सगळे त्यावर वाढलो, मला त्याचा रागही नाही. पण शेजवान चारही कोपऱ्यांवर मिळतं. मालकिणीला म्हटलं तर ती म्हणाली, ताई, भाडं त्याच्यावर निघतं, पाचातले तीन जण तेच मागतात. यावर मी काय बोलणार, भाडं मला भरायचं नाहीये. फक्त एवढंच सांगितलं की शेजवान लावलेला चमचा साध्या बाओच्या पातेल्यात जाऊ देऊ नकोस, एकदा माझ्या पोर्कला ती चव आली होती. तिने दाजूला हाक मारली आणि माझ्यासमोर भांडी वेगळी करायला लावली. त्यानंतर तसं झालं नाही.

दोघांचं पोटभर आठशे-नऊशेत होतं, जीपे चालतं, सोमवारी बंद. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चिकन, एक पोर्क बाओ आणि पातीचा पराठा घ्या, चहा चार ते सातमध्येच. तेवढ्यात गेलात आणि कोपऱ्यातली खुर्ची मिळाली तर सोडू नका. आईने विसर्जनानंतरच्या मंगळवारचे चार चिकन बाओ आत्ताच सांगून ठेवलेत, आणि मालकिणीने ते वहीत लिहूनही घेतलेत, काकू, तिरफळ जास्त, असं.