पानशेतची बोट, डिझेल इंजिन: हिरवं कूलंट घ्यावं की लाँग लाइफ?

बोटीच्या इंजिनाचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, घ्यायला नाना पेठेत गेलात की दुकानदार दोन कॅन पुढे ठेवतो. एक जुन्या पद्धतीचं, सिलिकेटवालं, बहुधा हिरवं. दुसरं ऑरगॅनिक अ‍ॅसिडवालं, लाँग लाइफ, बहुधा लाल किंवा केशरी. रंगावर मात्र जाऊ नका, तो कंपनीच्या मर्जीचा असतो. कॅनच्या मागचा मजकूर वाचा आणि इंजिनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.

पुण्यात काही गोठत नाही, मग नुसतं पाणी का नको, असं अनेक जण विचारतात. मला ते अजिबात पटत नाही. डिझेलच्या वेट लायनरला (सिलिंडरची नळी, जिला बाहेरून कूलंट थेट लागतं) हादऱ्यांमुळे बाहेरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे तयार होतात, फुटतात आणि धातूला बारीक खड्डे पाडतात. ते रोखायला कूलंटमधली रसायनंच लागतात. असं इंजिन असेल तर कॅनवर एएसटीएम डी 6210 हा मानक क्रमांक शोधा. डी 3306 हे कारसारख्या हलक्या इंजिनांसाठी आहे.

आता मुदत. हिरवं साधारण 2 वर्षं टिकतं, लाँग लाइफ 5 वर्षांपर्यंत. शनिवार-रविवारी चालणाऱ्या बोटीचे तास भरतच नाहीत, कॅलेंडर मात्र पुढे सरकतं. म्हणून नव्या इंजिनाला, पुस्तिका परवानगी देत असेल तर, मी लाँग लाइफच सांगेन. जुन्या इंजिनात सोल्डरचे सांधे असतील, किंवा आत आधी काय भरलंय हे कुणालाच सांगता येत नसेल, तर हिरवंच बरं. दोन्ही एकत्र झाली की गंजापासूनचं संरक्षण कमी होतं, कधी कधी आत चिकट गाळही धरतो.

खरी अडचण जुनं पूर्ण काढण्याची. बोटीत इंजिन खोल बसलेलं असतं; होस काढला तरी ब्लॉकमध्ये बरंच उरतं. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून थेंबही आला नाही, तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. भोकात गाळ बसलेला असतो. बारीक तार घालून हलवा, आधी तपकिरी चिखल येतो आणि मग धार लागते. हे सगळं इंजिन पूर्ण थंड असतानाच.

याच कारणासाठी पाणी आधीच मिसळलेल्या तयार मिश्रणापेक्षा मी कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घेईन. धुतल्यावर आत राहिलेलं पाणी तयार मिश्रणाला पातळ करतं. कॉन्सन्ट्रेट असेल तर एकूण क्षमतेच्या निम्मं आधी ओता, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरा. शेवटचं धुणंही डिस्टिल्डनेच करा. बोअरचं जड पाणी हीट एक्स्चेंजरच्या (कूलंटची उष्णता काढून घेणाऱ्या भागाच्या) नळ्यांत क्षार धरतं. तयार मिश्रण पुढे टॉप-अपला ठीक. भरून झाल्यावर झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप) उघडला, हवा निघाली, की पातळी उतरते. तेवढं पुन्हा भरा.

आणि हे काम बोट ट्रेलरवर, काठापासून लांब घेऊनच करा. पानशेतचं पाणी खडकवासल्याला येतं आणि तिथून पुणेकरांच्या नळाला. कूलंटमधलं ग्लायकोल विषारी, शिवाय चवीला गोड, कुत्री चाटतात. निघालेलं सगळं झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑईल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.