चौकट, अभ्रा की पडदा : कापडावरच्या स्टेन्सिलकामासाठी काय निवडावे

घराच्या सजावटीसाठी कापडावर स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या शीटच्या भोकांतून रंग टिपून, नक्षी उमटवायची ठरली की चर्चा बहुधा रंगापासून सुरू होते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी ठरायला हव्यात : ती वस्तू पुढे धुतली जाणार आहे का, आणि एकच नक्षी किती वेळा उमटवायची आहे. चौकटीत ताणून भिंतीवर लावलेले कापड सहसा पाण्यात जात नाही, उशीचा अभ्रा वरचेवर धुवावा लागतो, आणि पडदा धुण्याला कमी जात असला तरी तो उन्हात लटकतो व त्यावर तीच नक्षी ओळीने उमटवावी लागते. शीट, रंग आणि कापड या तिन्हींची निवड यावरून बदलते.

शीटचे पर्याय मुख्यतः तीन आहेत. तयार मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्टेन्सिलची कड स्वच्छ कापलेली असते, ती धुऊन पुनःपुन्हा वापरता येते आणि पडद्यासारख्या मोठ्या कामाला तीच सोयीची पडते. तिची मर्यादा एवढीच, की नक्षी दुसऱ्याने ठरवलेली असते. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. घरात रांगोळीचे छापे असतात म्हणून तेच कापडावर वापरण्याचा मोह होतो, पण त्यांची बारीक भोके कोरड्या पुडीसाठी असतात. रंग त्यांत साचतो आणि ठिपक्यांच्या जागी फुगलेले थेंब उमटतात.

दुसरा पर्याय म्हणजे ओएचपी शीटवर (प्रोजेक्टरसाठीच्या पारदर्शक प्लॅस्टिक शीटवर) किंवा साफ केलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर कटरने स्वतः नक्षी कापणे. खर्च नगण्य आणि नक्षी पूर्णपणे आपली, म्हणून मनाजोगती एकच चौकट करायची असेल तर मी हाच मार्ग सुचवीन. वळणावर हात न वळवता शीट फिरवावी म्हणजे कड तुटक येत नाही. कुयरी, कमळ, पाने असे सुटे, भरीव आकार या पद्धतीला फार अनुकूल असतात. वारली आकृत्यांचे त्रिकोणी देह चांगले उमटतात, पण काडीसारखे हातपाय स्टेन्सिलमधून जाडच येतात, तेव्हा ते नंतर बारीक कुंचल्याने काढलेले बरे.

अक्षरे कापायची असतील तर मात्र देवनागरीची स्वतःची अडचण लक्षात घ्यावी लागते. सलग शिरोरेषा कापली की शीटमध्ये एक लांब फट तयार होते, तिच्या कडा सैल पडतात आणि रंग नेमका तेथेच आत शिरतो. शिवाय शिरोरेषेमुळे ‘प’, ‘म’, ‘स’ यांच्या पोटातली जागा चहूबाजूंनी बंद होते व कापताना तो तुकडा गळून पडतो. अशा प्रत्येक अक्षरावर शिरोरेषा दोन-तीन मिलिमीटर तोडून तेवढी पट्टी शीटला जोडलेली ठेवली, तर दोन्ही अडचणी एकदमच सुटतात; ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या गोलांना मात्र वेगळी पट्टी ठेवावीच लागते. या तुटलेल्या जागा नंतर कुंचल्याने भरता येतात, पण मला त्या तशाच ठेवलेल्या अधिक देखण्या वाटतात.

तिसरा पर्याय मागे गोंद असलेल्या विनाइलचा. ते कापडाला चिकटत असल्यामुळे कड सर्वांत तीक्ष्ण येते, आणि सुटे तुकडे वेगळे चिकटवता येत असल्याने जोडपट्ट्यांची गरजच उरत नाही. अमेरिकेत राहणारे याच कामासाठी फ्रीझर पेपर (एका बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेला कागद) वापरतात. त्याची चकचकीत बाजू कापडावर ठेवून इस्त्री फिरवली की तो तात्पुरता चिकटतो. दोन्ही एखाद-दुसऱ्या छपाईपुरतेच टिकतात, त्यामुळे दोन अभ्र्यांना ठीक, पडद्याला परवडणारे नाहीत. खादीच्या खरखरीत पोतावर विनाइल नीट बसतही नाही.

रंगाची निवड त्या मानाने सोपी आहे. धुतल्या जाणाऱ्या वस्तूसाठी फेव्हिक्रिल किंवा कॅमलसारखे कापडासाठीचे ॲक्रिलिक रंगच घ्यावेत, कारण ते वाळल्यावरही कापड पुष्कळसे मऊ राहते. चित्रकलेचे साधे ॲक्रिलिक घरात असेल तर भिंतीवरच्या चौकटीला ते चालते. अभ्र्यावर मात्र त्याचा थर कडक होतो व गालाला टोचतो, म्हणून त्यात कापडासाठीचे मीडियम, म्हणजे थर मऊ ठेवणारे द्रावण, मिसळणे आवश्यक आहे. गडद कापडावर नेहमीचे रंग बुडून जातात. तेथे आधी पांढऱ्याचा थर देऊन तो वाळू द्यावा किंवा मोतिया व धातूसारखी चमक असलेले रंग वापरावेत. स्प्रेचे रंग झटपट काम उरकतात, पण शीटच्या कडेखाली उडतात, म्हणून नवख्या माणसाला ते मी सुचवणार नाही.

कोणताही रंग घेतला तरी तो पातळ करू नये. स्पंज रंगात टेकवून आधी जुन्या वर्तमानपत्रावर इतका टिपून घ्यावा की ठसा जवळजवळ कोरडा दिसेल, आणि मग शीटवर सरळ खालीवर टिपावा. कुंचल्यासारखा ओढला की रंग कडेखाली जातो. दाट रंग हवा असेल तर एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत. अभ्र्याच्या आत पुठ्ठा सरकवला नाही तर रंग मागच्या पदरावर उतरतो.

कापडात मांजरपाट स्वस्त आणि चौकटीसाठी उत्तम, मात्र कोऱ्या कापडातली खळ धुऊन काढल्याशिवाय रंग धाग्यात मुरत नाही, आणि न धुतलेले कापड नंतर आटले तर नक्षीही चुरगळते. अभ्र्यांना जाडसर सुती कापड घ्यावे. पॉलिस्टरमिश्रित कापडाला रंग पक्का करण्यापुरती गरम इस्त्री सोसत नाही. सुती कापडावर रंग पूर्ण वाळल्यावर, बाटलीवर सांगितलेला अवधी पाळून, उलट बाजूने वाफेविना इस्त्री करावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हा अवधी वाढवून धरावा.

पडद्याचा विचार करणाऱ्यांनी कापड निवडताना ते खिडकीसमोर धरून पाहावे. मागून उजेड आला की रंगाचा थर प्रकाश अडवतो आणि नक्षी छायेसारखी दिसते. स्पंजाने कमी-जास्त टिपलेले डाग, जे टेबलावर दिसलेच नव्हते, ते तेव्हा स्पष्ट होतात. विरळ कापडावर तर रंग पसरतोही. म्हणून पडद्याला सर्वत्र नक्षी न करता खालच्या काठावर एकच पट्टी उमटवणे मला अधिक योग्य वाटते. संपूर्ण पडदाभर लहान बुट्टी हवीच असेल, तर दर वेळी शीट उचलणे, पुसणे आणि जुळवणे यात जाणारा वेळ पाहता लाकडी ठसा विकत घेणे शहाणपणाचे ठरेल. ठशाची छपाई किंचित अनियमित येते, पण एवढ्या मोठ्या कापडावर ते डोळ्यांना खुपत नाही.