गोल नॉब की डॅशबोर्डभर काच?

दसरा जवळ आला की आमच्या लातुरात गाड्यांवरून वाद घालणारे वाढतात. पेट्रोल की सीएनजी, हा वाद आता शिळा झाला. यंदा टपरीवर वेगळाच विषय आहे. एकाच गाडीचं मधलं मॉडेल घ्यावं, ज्यात स्क्रीन बेताचा आणि एसीला गोल नॉब येतात. की दीडेक लाख जास्त घालून टॉप घ्यावं, ज्यात डॅशबोर्डभर काच असते आणि बटण औषधालासुद्धा सापडत नाही?

मी दोन्ही चालवल्यात. थोरल्या भावाकडं टॉप आहे. तो वर्षभर बाहेरगावी होता तेव्हा ती माझ्याच दारात उभी असायची. त्यानंतर मी स्वतःची घेतली, ती मधली. म्हणजे मी कुणाच्या बाजूचा ते तुम्ही ओळखलंच असेल. तरी पडद्याचं जे चांगलं आहे ते आधी सांगतो.

नकाशा मोठ्या स्क्रीनवरच बघावा. संभाजीनगरात जालना रोडवर उड्डाणपूल घ्यायचा की खालून जायचं, हे लहान स्क्रीनवर मला दोनदा चुकलंय. रिव्हर्स कॅमेऱ्याचंही तेच. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात आणि सतराव्या दिशेनं हातगाडी येते. तिथं मागचं मोठं आणि स्वच्छ दिसलं की जीव भांड्यात पडतो. लग्नकार्यात गाडीत डोकावणाऱ्या पाहुण्यांपुढं पडद्याचा रुबाब असतो, तोही नाकारत नाही. गाणी आणि फोन दोन्हीकडं सारखेच, कारण शेवटी सगळे अँड्रॉइड ऑटोच लावतात.

माझं बिनसलं ते वाऱ्यावरून, म्हणजे एसीच्या वाऱ्यावरून.

परतीच्या पावसाचे दिवस होते. भावाच्या गाडीनं संभाजीनगरहून लातूरला निघालो होतो. आम्ही दोघं, आई आणि दाजी. बीडच्या अलीकडं रस्त्याचं काम चालू होतं, वळणरस्ता कच्चा, पुढं हायवा डंपर. पाऊस तिथं पडलाच नव्हता, नुसता फुफाटा. बाहेरची हवा बंद करायला स्क्रीनवर हात नेला, तर तिथं नकाशा. तो बाजूला सारून एसीच्या पानावर जाईपर्यंत अर्धी धूळ आईच्या पदराला लागली होती. आई म्हणाली, "कामून लावलाय रे एसी, धूळ आत घ्यायला?"

हे तसं किरकोळ होतं. खरा घोळ पुढं मांजरसुंबा सोडल्यावर झाला. अंधार पडला आणि पाऊस धरला. चहाला उतरून चौघंही भिजून आत बसलो. धुळीसाठी दाबलेलं आतली हवा फिरवायचं बटण तसंच चालू राहिलं होतं. ओले कपडे, चौघांचे श्वास आणि बाहेरची हवा बंद; काचेवर आतून वाफ धरायला दुसरं काय लागतं? केजच्या अलीकडं समोरचं दिसेनासं झालं. हवा काचेवर सोडायला पुन्हा नकाशा सारला, एसीचं पान उघडलं, तेवढ्यात फोन आला आणि अख्ख्या पडद्यावर फोनचंच चित्र. तो कापला. बोट नेमकं चिन्हावर टेकवणार, तर आपल्या काळ्या मातीवरचा रस्ता, लाटेसारखा वरखाली. गाडी उसळली आणि बोट पंख्यावर पडलं. पंखा बंद. दाजी आपल्या उपरण्यानं काच पुसायलेत, मागून आई "हळू घे, हळू घे" म्हणतेय, आणि मी डोळे बारीक करून पडदा वाचतोय. मान वर केली तेव्हा पुढं सोयाबीनच्या कट्ट्यांनी भरलेली ट्रॉली होती. वर ताडपत्री, मागं दिवा नाही.

ब्रेक लागला. काही झालं नाही. अंबाजोगाईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

माझ्या आताच्या गाडीत हेच काम तीन हालचालींत होतं आणि तिन्ही नजर रस्त्यावर ठेवून. डावा नॉब शेवटपर्यंत फिरवायचा, मधला चौथ्या टकपर्यंत, आणि खालची खिटी ताजी हवा येते त्या बाजूला सारायची. कुठला नॉब कुठं आहे हे आठवडाभरात बोटांना पाठ होतं. पडदा वर्षभरात पाठ झाला नाही, कारण तो दर वेळी वेगळंच पान दाखवत असतो. त्यात एकदा सर्व्हिसिंगला सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि एसीचं चिन्ह डावीकडून उजवीकडं गेलं. घरातला मिठाचा डबा कुणी न सांगता हलवल्यासारखं.

टपरीवरचा आमचा एक सॉफ्टवेअरवाला मित्र यावर म्हणतो, ऑटो मोडवर चोवीस अंश लावून ठेव, हात लावायचाच कशाला? त्याचं खरंही आहे. तो एकटा फिरतो आणि शहरात फिरतो. आमच्या गाडीत मात्र आईला गारठतं, दाजींना उकडतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पहिली पाच मिनिटं सगळ्यांनाच वारं तोंडावर हवं असतं. तो म्हणतो, मग बोलून सांग. भावाच्या गाडीला थोडं इंग्रजी, थोडं हिंदी कळतं; आईचं "वारं जरा बारीक कर की" कळत नाही.

माझा हा एका रात्रीचा अनुभव, तो काही मोजमाप नव्हे. पण ज्यांनी मोजलंय त्यांचंही फार वेगळं नाही. 2022 मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकानं ताशी 110 किलोमीटर वेगात एसी, रेडिओ अशी साधी कामं करून बघितली. 2005 ची बटणांची व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली, पडद्याच्या नव्या गाड्यांपैकी सगळ्यात संथ गाडीला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं. फोक्सवॅगननं 2025 मध्ये महत्त्वाची बटणं परत आणायचं जाहीर केलं. गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेनंही 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असण्याला गुण ठेवलेत. एसी मात्र त्या यादीत नाही. आपल्याकडचा फुफाटा त्यांनी बघितला नसावा.

तुमचं फिरणं गावातल्या गावात असेल, गाडीत एक-दोघंच असतील, तर टॉप घ्यायला माझी हरकत नाही. पडद्याचा आनंद रोज मिळेल. काही गाड्यांत पडदा मोठा आणि खाली एसीची बटणं वेगळी, असंही येतं. ते बजेटमध्ये बसत असेल तर हा वादच मिटला. पण आठवड्याला परळी, नांदेड, सोलापूर करणारे असाल आणि मागं आईवडील बसत असतील, तर मी आपला मधल्या मॉडेलकडंच बोट दाखवीन. शोरूममध्ये ड्रायव्हरच्या सीटवर बसा, नकाशा चालू करा, डोळे मिटा आणि हवा काचेवर सोडून बघा. सेल्समन हसेल, हसू द्या. आणि जमलं तर टेस्ट ड्राइव्ह चकचकीत हायवेवर न घेता एखाद्या खडबडीत रस्त्यावर घ्या.

मधल्या मॉडेलची एक अडचण मात्र सांगून ठेवतो. सनरूफ फक्त टॉपलाच येतं. आमच्या घरी तो विषय अजून मिटलेला नाही.