पानफुटी घ्यायची तर वेंगुर्ला रस्त्यावरच्या या नर्सरीतून

कुडाळहून वेंगुर्ल्याकडे जाताना रस्त्याला लागूनच ही छोटी नर्सरी आहे. जास्वंद, अनंत, काजूची कलमं इथेही मिळतात, ठीकच आहेत. मी जाते ती पानफुटीसाठी, कारण नर्सरीवाले काका तिच्यावर औषध मारत नाहीत.

रेड पिएरो हे फुलपाखरू अंडी घालतं ते पानफुटी आणि तिच्या जातकुळीतल्या झाडांवर. अंड्यातून निघालेली अळी थेट पानाच्या जाड गरात शिरते आणि आतल्या आत पोखरत जाते. असं पान उजेडासमोर धरून बघा. वरखालचे पापुद्रे शाबूत, मधला गर गायब, आणि त्या पोकळीत अळी नि तिची काळी विष्ठा स्पष्ट दिसते. एक पान संपलं की दुसऱ्यात शिरते. आता या पानावर फवारणी झालेली असेल तर काय होणार? आधी दुसरीकडून आणलेल्या टवटवीत रोपांवर माझ्या सगळ्या अळ्या मेल्या होत्या. फार वाईट वाटलं होतं.

काकांनी मात्र रोप हातात देण्याआधीच विचारलं, "पानां खाल्लेली आसत, चलात काय?" मला तीच हवी होती!

आज माझ्या पडवीच्या सावलीत ही फुलपाखरं असतात. पंखांचा विस्तार जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर. मिटून बसलं की पांढऱ्यावर काळे ठिपके, मागच्या पंखावर रुंद नारिंगी पट्टा आणि केसासारखी बारीक शेपटी. पंख उघडले की वरून काळं, मागे नारिंगी डाग. उंच उडत नाही, झाडाभोवतीच घुटमळतं, म्हणून चार कुंड्यांतही त्याचं भागतं.

एक तक्रार आहे. पिशवीतली माती चिकट असते, आपल्याकडच्या पावसात मुळं कुजतात. आणल्याबरोबर जाडी वाळू मिसळून कुंडीत लावा. रोप ५० रुपयांना पडतं. पानफुटी पानापासूनही फुटते हे खरं, पण शेजारून आणलेल्या पानाबरोबर अळ्या मिळतीलच असं नाही. अळ्यांची रोपं काका पुढे मांडत नाहीत, गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणून. शेडच्या मागे असतात, काकांना विचारून घ्या. कढीपत्ता आणि लिंबाची बिनफवारणीची रोपंही तिथेच ठेवलेली असतात.